विश्लेषण : पोलादाला टक्कर देणारी पवनचक्कीची पाती पावसापुढे का हरतात?

सातारा, सांगली, धुळे, नंदुरबारच्या पठारांवर उभ्या असलेल्या पवनचक्क्यांची पाती वर्षानुवर्षे सोसाट्याचा वारा झेलतात, वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. मात्र याच पात्यांची वाऱ्याला सामोरी जाणारी कड पावसाच्या थेंबांनी आणि धुळीच्या कणांनी खरवडली जाते. त्यामुळे वीजनिर्मिती घटते आणि दुरुस्तीसाठी तंत्रज्ञांना जमिनीपासून शंभर-सव्वाशे मीटरवर दोराला लटकून काम करावे लागते. इतकी मजबूत वस्तू पाण्याने कशी झिजते? याचे उत्तर पाते ज्यापासून बनते त्या पदार्थाच्या स्वभावात आहे.

पाते नेमके कशाचे असते?

बोलीभाषेत आपण ज्याला नुसते ‘फायबर’ म्हणतो त्याचे. पाण्याच्या टाक्या, एसटी स्थानकातल्या खुर्च्या, बाथरूमची दारे याच कुळातली. या वस्तूंत बहुधा स्वस्त पॉलिएस्टर रेझिन असते. पवनचक्कीच्या मोठ्या पात्यांत मात्र एपॉक्सी रेझिन जास्त वापरले जाते. घरात तुटलेला कप चिकटवायला दोन ट्यूबमधले जे ॲराल्डाइट आपण कालवतो, तेही एपॉक्सीच. एका ट्यूबमध्ये रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही एकत्र आले की रासायनिक जाळे तयार होते आणि ते एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही.

नुसते एपॉक्सी मात्र ठिसूळ असते. म्हणून त्यात काचेचे, काही ठिकाणी कार्बनचे, केसापेक्षाही बारीक तंतू घालतात. मातीच्या भिंतीत गव्हाचे काड किंवा काँक्रीटमध्ये सळई, तोच हा विचार. तंतूंनी ओढ सोसायची, रेझिनने त्यांना जागेवर धरून ठेवायचे आणि भार एका तंतूकडून दुसऱ्याकडे पोहोचवायचा. कारखान्यात पात्याच्या लांबीच्या साच्यात काचेचे कापड थरावर थर अंथरतात, वर प्लास्टिकचा पडदा लावून आतली हवा खेचून घेतात आणि त्या पोकळीत पातळ रेझिन शोषले जाते. असे दोन अर्धे भाग तयार झाले की ते कडांना एकमेकांशी चिकटवतात. म्हणजे पाते ही शिंपल्यासारखी पोकळ वस्तू आहे आणि तिची पुढची कड नेमकी सांध्यावर येते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

ते किती मजबूत असते?

आकडे थक्क करणारे आहेत. एक चौरस सेंटिमीटर जाडीची नुसत्या एपॉक्सीची कांडी ओढली तर ती साधारण ६०० ते ८०० किलो भाराला तुटते. तिच्यात निम्म्याहून थोडे जास्त काचतंतू एकाच दिशेने भरले, तर तीच कांडी दहा टनांच्या आसपास भार सोसते. बांधकामाचे साधे पोलाद अडीच ते साडेतीन टनांच्या आसपास कायमचे ताणले जाऊ लागते आणि त्याचे वजन या काचतंतूच्या संमिश्राच्या चौपट असते. पोलाद एका बाबतीत पुढे आहे. ते पाचपट ताठ आहे, तेवढ्याच भाराला कमी वाकते. म्हणून फार लांब पात्यांच्या कण्यात काचेऐवजी कार्बन तंतू घालण्याकडे कल आहे. ते महाग असतात, पण ताठही असतात.

मात्र हे सगळे तंतूंच्या दिशेने ओढल्यावर. तंतूंना आडवे ओढले तर हीच कांडी ३०० ते ५०० किलोला फाटते. म्हणजे तंतू न घातलेल्या एपॉक्सीपेक्षाही लवकर! कारण आडव्या ओढीत तंतूंचा उपयोग नसतो. उलट प्रत्येक तंतू आणि रेझिन यांच्यामधली सीमा ही तडा जाण्याची सोयीची जागा ठरते. ही सीमा घट्ट राहावी म्हणून काचेवर सिलेनचा सूक्ष्म लेप देतात, पण सीमा ती सीमाच. याच कारणासाठी पात्याच्या कवचात कापडाचे थर वेगवेगळ्या कोनांत अंथरतात.

त्यातून पात्याला एकदाच नव्हे, सतत भार सोसायचा असतो. मिनिटाला ११ फेऱ्या धरल्या तर वीस वर्षांत ११ कोटींहून अधिक फेऱ्या होतात. वारा पडला, यंत्र बंद राहिले तो वेळ वजा केला तरी आकडा दहा कोटींच्या जवळपास राहतो. प्रत्येक फेरीत पाते स्वतःच्याच वजनाने एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला वाकते. यात कुठे कमतरता राहिली तर काय होते, याची उदाहरणे आहेत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉनने २००८ मध्ये अमेरिकेतील एस-८८ पवनचक्क्यांची १,२५१ पाती मजबूत करण्याचा कार्यक्रम जाहीर केला. काही पात्यांना तडे गेल्याचे आढळले होते. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या नानटकेट बेटाजवळ समुद्रातील पवनचक्कीचे १०७ मीटर लांबीचे पाते तुटून त्याचे तुकडे किनाऱ्याला लागले. पाते बनवणाऱ्या जीई व्हर्नोव्हाने दिलेले कारण होते चिकटवणीतला दोष. तंतू शाबूत होते, पण सांधा दगा देऊन गेला.

तरीही अशा घटना विरळ आहेत. झीज मात्र प्रत्येक पात्याची होते.

पाण्याचा थेंब एवढे नुकसान कसे करतो?

वेगामुळे. आजच्या एका मोठ्या पवनचक्कीचे पाते मध्यापासून टोकापर्यंत ७२ मीटर धरू. टोक एका फेरीत सुमारे ४५२ मीटर कापते. मिनिटाला ११ फेऱ्या म्हणजे सेकंदाला ८३ मीटर, ताशी जवळपास ३०० किलोमीटर. खालून पाहताना पाते आरामात फिरत असल्यासारखे वाटते, हा निव्वळ आकाराचा दृष्टिभ्रम आहे.

या वेगात थेंब आणि कड यांची गाठ पडते तेव्हा थेंबाला बाजूला पसरायला वेळच मिळत नाही. पहिल्या क्षणी पाणी घन पदार्थासारखे वागते. नळ झटकन बंद केल्यावर पाइपमध्ये ठोका ऐकू येतो, तोच हा प्रकार. याचे गणित सोपे आहे : पाण्याची घनता, पाण्यातला ध्वनीचा वेग आणि आदळण्याचा वेग यांचा गुणाकार. तो साधारण १२० मेगापास्कल येतो. एपॉक्सी स्वतःही थोडी दबते, त्यामुळे प्रत्यक्षात ८०-९० धरू. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर ८०० ते ९०० किलो. नुसत्या एपॉक्सीची कांडी किती भाराला तुटते तो वरचा आकडा आठवा. हा दाब एका बिंदूएवढ्या जागेवर, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपासच टिकतो. एका थेंबाने काहीच होत नाही. पण एका पावसाळ्यात त्याच जागेवर असे किती थेंब आदळत असतील, याचा विचार करा.

आदळण्याबरोबर दाबाच्या लहरी आत शिरतात. रंग, त्याखालचे पुट्टीचे भरण, त्याखालचे काचकापड असे थर असतात आणि प्रत्येक सीमेवर लहरीचा काही भाग परत फिरतो. तिथे सूक्ष्म तडे पडत जातात. गंमत म्हणजे (गंमत कसली, डोकेदुखीच) बराच काळ बाहेरून काहीच दिसत नाही. वजन घटत नाही, रंग शाबूत असतो. मग एखाद्या वर्षी बारीक खड्डे दिसू लागतात, खड्डे एकमेकांना मिळतात, रंग पापुद्र्यांनी सुटतो आणि काचेचे तंतू उघडे पडतात. एकदा तंतू उघडे पडले की पाणी त्यांच्या सीमेवरून आत झिरपते आणि पुढची झीज भराभर होते.

राजस्थानसारख्या कोरड्या भागात पावसाचे काम वाळू करते. तिथला मार वेगळा असतो. टोकदार कण पृष्ठभाग कापत, खरवडत जातात.

तंतू वाढवले तर झीज कमी होणार नाही का?

अनेकांना तसे वाटते आणि नेमकी इथेच गफलत होते. मजबुती आणि झीज सोसण्याची क्षमता या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक वाढली म्हणजे दुसरी वाढेलच असे नाही. कधी कधी ती घटते.

झीजही एकाच प्रकारची नसते. यंत्रातल्या बुशमध्ये जसा एक पृष्ठभाग दुसऱ्यावर घासतो, तिथे एपॉक्सीत तंतू घालणे फायद्याचे असते. तंतू भार उचलतात, रेझिनवरचा ताण हलका होतो. सोबत ग्राफाइट किंवा टेफ्लॉनची पूड घातली तर समोरच्या धातूवर तिचा पातळ थर बसतो आणि घर्षणच कमी होते. पण खडीसारखे टोकदार कण ओरबाडत असतील किंवा वाळूचे कण वेगाने येऊन आदळत असतील, तर चित्र पालटते. वरचे रेझिन उडाले की ताठ, ठिसूळ काचतंतू एखाद्या उघड्या पुलासारखे निराधार राहतात आणि कण आदळला की मोडतात. कणांच्या अशा माऱ्यात काचतंतू घातलेली एपॉक्सी नुसत्या एपॉक्सीपेक्षा जास्त झिजल्याचे प्रयोगशाळांत अनेकदा दिसले आहे. रबर किंवा मऊ प्लास्टिक तिरक्या माऱ्याने जास्त झिजते, तर ठिसूळ पदार्थ समोरून सरळ बसलेल्या माऱ्याने. एपॉक्सीची संमिश्रे यात ठिसूळपणाकडे झुकतात आणि पात्याच्या कडेवर तर मारा सरळच बसतो.

इथे इंजिनीअरिंग कॉलेजांतल्या एका नेहमीच्या दृश्याचा उल्लेख करायला हवा. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये एपॉक्सीत औष्णिक वीज केंद्रातली राख, नारळाचा काथ्या, ताग, उसाची चिपाडे असे काहीतरी घालायचे, नमुने ओढून तोडायचे आणि ‘पिन-ऑन-डिस्क’ यंत्रावर घासायचे, हा मेकॅनिकल शाखेचा जुना रिवाज आहे. या यंत्रात फिरत्या पोलादी चकतीवर नमुन्याची कांडी ठरावीक वजनाने दाबून धरतात आणि किती घनमिलिमीटर पदार्थ गेला ते भार आणि अंतराने भागून काढतात. बारीक राख थोड्या प्रमाणात घातली की नमुना ताठ होतो, झीज घटते. प्रमाण वाढवत गेले की कणांच्या गुठळ्या होतात आणि ओढ सोसण्याची क्षमता घसरते. इथपर्यंत निष्कर्ष बरोबर असतो. मात्र अहवालाच्या शेवटच्या पानावर ‘हा पदार्थ पवनचक्कीच्या पात्यांसाठी उपयुक्त’ असे वाक्य बिनधास्त लिहिले जाते. चकतीवर घासलेल्या नमुन्याचा पावसाच्या माऱ्याशी संबंध नसतो. त्यासाठी वेगळी चाचणी लागते : नमुने फिरत्या हातांच्या टोकांना बसवून कृत्रिम पावसातून तासन् तास गरगर फिरवायचे. ही यंत्रे महाग आहेत आणि फार थोड्या ठिकाणी आहेत.

कड खडबडीत झाली तर फरक काय पडतो?

पाते फिरते ते विमानाच्या पंखासारख्या आकारामुळे. हवा त्याच्या पृष्ठभागाला चिकटून गुळगुळीत वाहिली पाहिजे. कडेवर खड्डे पडले की हवा सुरुवातीलाच विस्कटते, ओढ वाढते, उचल कमी होते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये वातबोगद्यातील प्रयोगांवरून अंदाज मांडला, की सौम्य झिजेनेही वार्षिक वीजनिर्मिती सुमारे पाच टक्क्यांनी घटू शकते आणि अतितीव्र झिजेत ही घट २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. यातला दुसरा आकडा बातम्यांत फार मिरवला जातो. पण तो सर्वात वाईट स्थितीचा आहे. वापरात असलेल्या पवनचक्क्यांवर दिसणारी तूट बहुधा याहून बरीच कमी, काही टक्क्यांच्या घरात असते. अर्थात दोन-तीन टक्केही थोडे नाहीत. इंधन फुकट असलेल्या या धंद्यात उत्पन्न म्हणजे फक्त तयार झालेले युनिट.

समुद्रात तर परिस्थिती आणखी बिकट. डेन्मार्कच्या ॲनहोल्ट प्रकल्पात १११ पवनचक्क्या २०१३ मध्ये कार्यान्वित झाल्या. वीस-पंचवीस वर्षे टिकतील असे गृहीत धरलेल्या पात्यांच्या कडा पाच वर्षांतच इतक्या झिजल्या की बहुतेक पवनचक्क्यांची पाती दुरुस्तीला काढावी लागली.

मग उपाय काय?

सगळ्यात प्रभावी उपाय ऐकायला उलटा वाटतो : कडेवर कठीण नव्हे, मऊ थर द्या. पॉलियुरेथेनचे लवचिक लेप, चिकटपट्ट्या किंवा कडेवर बसवायची तयार टोपणे वापरली जातात. रबरासारखा हा थर थेंबाचा ठोका पसरवतो, थोडा दबतो आणि परत मूळ आकारात येतो. दगडावर आपटलेली काच फुटते, चेंडू उसळतो, असेच काहीसे. मजबुती तंतूंकडे, झीज मऊ थराकडे, अशी ही कामाची वाटणी आहे. एकाच पदार्थाकडून दोन्हीची अपेक्षा ठेवायची नाही. पण हे थरही अमर नाहीत. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते कडक होतात, पट्टीच्या टोकाखाली पाणी शिरले की ती उचलली जाते आणि अर्धवट सुटलेली पट्टी हवेला झिजलेल्या कडेपेक्षाही जास्त विस्कटते.

दुसरा उपाय चालवण्याच्या पद्धतीत आहे. झीज वेगाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, ती वेगाच्या पाचव्या-सहाव्या किंवा त्याहून मोठ्या घाताने वाढते. त्यामुळे टोकाचा वेग दहा टक्के कमी केला तरी झिजेचा दर जवळपास निम्म्यावर येऊ शकतो. डेन्मार्कच्या तंत्र विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये यावरून प्रस्ताव मांडला : मोठ्या थेंबांचा, जोराचा पाऊस सुरू असेल तेवढाच वेळ पवनचक्की हळू फिरवा. असा पाऊस वर्षातून थोडेच तास पडतो, त्यामुळे बुडणारी वीज नगण्य आणि पात्याचे आयुष्य कितीतरी जास्त.

डेन्मार्कसाठी हे गणित चोख आहे. आपल्याकडे मात्र अडचण आहे. महाराष्ट्रातल्या पवनचक्क्या वर्षभराच्या विजेचा मोठा वाटा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या चार महिन्यांत कमावतात. म्हणजे आपला वारा आणि आपला पाऊस एकाच पाहुण्याबरोबर येतात. पाऊस पडतोय म्हणून वेग कमी करायचा, तर तो ऐन सुगीतच कमी करावा लागेल. किती मिलिमीटरच्या सरीला किती वेग उतरवला तर नफा-तोटा जुळतो, हे सह्याद्रीच्या पठारांवरच्या पावसाची नोंद घेऊनच ठरवावे लागेल. युरोपातला आकडा इथे चिकटवून चालणार नाही.

दुरुस्ती नेमकी कधी करतात?

यातही मोसमच मालक. कडेची दुरुस्ती म्हणजे खराब भाग सँडरने घासून काढणे, गरज असेल तिथे काचकापडाचे नवे तुकडे एपॉक्सीत भिजवून बसवणे, पुट्टी, पुन्हा घासणे आणि वरून संरक्षक लेप. एपॉक्सी आणि लेप नीट जमायला कोरडा पृष्ठभाग लागतो, हवेतली आर्द्रता मर्यादेत लागते आणि दोरावरच्या माणसासाठी वारा बेताचा लागतो. जून ते सप्टेंबर यातले काहीच मिळत नाही. त्यामुळे पावसाळा संपल्यानंतरचे आणि पुढचा सुरू होण्याआधीचे महिने एवढाच अवधी उरतो. त्यातही पहाटेचे दव आणि दुपारचे ऊन सांभाळायचे. उन्हाने तापलेल्या पात्यावर रेझिन कालवल्या कालवल्या घट्ट होऊ लागते. थंडीत तासन् तास जमत नाही आणि हीटरची ब्लँकेट गुंडाळावी लागते. घासताना उडणारी काचेची धूळ कातडीत रुतते, फुप्फुसात जाते, म्हणून मुखवटा आणि अंगभर पोशाख. मे महिन्याच्या उन्हात, दोराला लटकून.

आता तपासणीसाठी ड्रोनने कडेचे जवळून फोटो काढले जातात, त्यामुळे प्रत्येक पात्यावर माणूस चढवावा लागत नाही. मात्र झिजेचा पहिला, न दिसणारा टप्पा ड्रोनलाही दिसत नाही. खड्डे लहान असतानाच लेप दिला तर काम थोड्या वेळात आटोपते. तंतू उघडे पडल्यावर तेच काम अनेक दिवसांचे होते.

नव्या पवनचक्क्यांत हा प्रश्न सुटेल?

उलट वाढण्याची शक्यता जास्त. राज्यातल्या जुन्या पवनचक्क्या काहीशे किलोवॉटच्या, लहान पात्यांच्या आहेत. चांगल्या वाऱ्याच्या जागा त्यांनी अडवलेल्या असल्याने त्यांच्या जागी मोठ्या पवनचक्क्या याव्यात, असे धोरण केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. दोन मेगावॉटपेक्षा लहान यंत्रे त्याच्या कक्षेत येतात. पाते लांब झाले की टोकाचा वेग साधारणपणे वाढतो आणि वेग वाढला की झिजेचे काय होते ते वर पाहिलेच.

उतरवलेल्या जुन्या पात्यांचे काय, हा वेगळा प्रश्न आहे. एपॉक्सी वितळत नसल्याने धातूसारखी ती भट्टीत घालता येत नाहीत. तुकडे करून सिमेंटच्या भट्टीत जाळणे किंवा पुरणे हेच सध्याचे मुख्य मार्ग. सौम्य आम्लात विरघळून तंतू मोकळे करणारे एपॉक्सी आता आले आहे. आदित्य बिर्ला समूहाचे ‘रिसायक्लामाइन’ त्यातलेच. सीमेन्स गमेसाने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या पुनर्वापरयोग्य पात्यांत ते वापरले आहे. अर्थात आम्लात विरघळणाऱ्या या पात्यालाही पुढच्या कडेवर मऊ लेप लावावाच लागतो.